पहिल्या पोत्याची भाकरी

“एका गिरणीला मालक किती असावेत, अप्पा?”

अप्पा लसूण सोलत होते. मठाच्या स्वयंपाकघरापुढच्या ओसरीत, गोणपाट टाकून. मान वर न करता त्यांनी विचारलं,

“गिरणी कुणाची?”

“आमची. हुलसुऱ्यांची.”

“मग मला का विचारतोस?”

मन्मथ गोणपाटाच्या कडेला टेकला.

मांजरा नदीच्या काठचा हा मठ. चन्नवीर अप्पा तिथले स्वामी. मठात रोज दुपारी दासोह चाले, म्हणजे येईल त्याला जेवण. जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही. आणि त्या जेवणाची ज्वारी पहिल्यापासून हुलसुऱ्यांच्या गिरणीत दळलेली.

गिरणी मन्मथच्या पणजोबांची. गुरपादप्पांनी एका इंजिनावर आणि दगडांच्या एका जोडीवर ती सुरू केली. आजोबा विरपाक्षप्पांनी पेठेत इमारत बांधली. वडील काशिनाथप्पांच्या काळात पीठ नांदेड-बिदरपर्यंत जाऊ लागलं. आता गिरणी मन्मथच्या हातात आली होती. म्हणजे, आली असं लोक म्हणत होते.

घराण्याची एक रीत होती. नव्या मालकानं पहिलं पोतं स्वतः दळायचं, स्वतः मठात आणायचं आणि पंगतीत बसून त्याच पिठाची भाकरी खायची. एवढं झालं की तो मालक. तोवर नुसता मुलगा.

पोतं मघाशीच आत गेलं होतं. मन्मथच्या खांद्यावर अजून पांढरा डाग होता. तो त्यानं मुद्दाम झटकला नव्हता.

“बोल,” अप्पा म्हणाले. “पोटात ठेवून जेवायला बसू नकोस.”

“अण्णा ऐकत नाहीत.”

“काय ऐकत नाही काशिनाथ?”

“घरी बसा म्हणतो. खूप केलंत, आता आराम करा. तरी सकाळी टोपी घालून हजर! पीठ पडतं तिथं जाऊन उभे राहतात. चिमूटभर घेतात, बोटांत चोळतात आणि म्हणतात, ‘वरचा दगड उचला, पीठ तापतंय.’”

“मग?”

“मग काय, उचलतात. मी शेजारीच उभा असतो, अप्पा. माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.”

“आणि पीठ?”

“पीठ काय?”

“दगड उचलल्यावर बरं पडतं का?”

“प्रश्न पिठाचा नाहीये, अप्पा.”

“हं…” अप्पांनी एक पाकळी सोलून वाटीत टाकली. “पिठाची गिरणी. प्रश्न पिठाचा नाही.”

मन्मथचा चेहरा उतरला, पण तो थांबला नाही.

“परवा बिदरचा व्यापारी आला. म्हणाला, ‘मालक आहेत का?’ मी म्हणालो, ‘बोला.’ तर म्हणतो, ‘तसं नाही हो. मोठे मालक.’”

आतून कुणीतरी खुदकन हसलं. गंगव्वा. मठात भाकऱ्या थापण्याचं काम तिचं.

“मग म्हणायचं की, मोठे मालक मठात लसूण सोलतात,” ती आतूनच म्हणाली.

“तू पीठ मळ,” अप्पा म्हणाले. मग मन्मथकडे बघून, “पुढं?”

“सोमवारी दगडांना टाकी लावून घेतली. घासून गुळगुळीत झाले होते. पाथरवट बोलावला, नव्यानं खाचा पाडल्या. म्हटलं, माझ्या नावानं गिरणी सुरू होतेय तर नव्या धारेनं होऊ दे. तेवढ्यात अण्णा आले. दारातूनच काहीतरी सांगायला लागले. मी सगळ्यांदेखत म्हणालो, ‘अण्णा, आजपासून मधे बोलायचं नाही.’”

“काय म्हणाला?”

“काही नाही. टोपी काढली, परत घातली, गेले.”

“मग झालं की.”

“मंगळवारी परत आले!”

“बोलला का?”

“नाही. नुसते उभे राहिले.” मन्मथनं सुस्कारा टाकला. “ते बोलण्याहून वाईट.”

अप्पा पहिल्यांदा हसले. हसले की त्यांच्या तोंडातल्या मोकळ्या जागा दिसत.

“माझ्याकडून काय पाहिजे?”

“तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत. तुम्ही एकदा सांगा. गिरणीत जाऊ नको म्हणून.”

“किती दिवस?”

“दिवस नाही. कायमचं.”

अप्पांचे हात थांबले.

“कायमचं…”

“हो.”

“विचार करून सांगतोयस?”

“वर्षभर तोच विचार करतोय.”

“बरं,” अप्पा म्हणाले, आणि पुढची पाकळी उचलली.

एवढ्यात गंगव्वा दारात आली. हाताला पीठ होतं. अंगठा बोटांवर फिरवत ती अप्पांकडे बघत राहिली.

“अप्पा, हे पीठ…”

“थापत राहा.”

“पण अप्पा, जरा बघा की…”

“थाप गं.”

तिनं मन्मथकडे एकदा बघितलं आणि ती आत गेली. मन्मथला वाटलं, पिठाचं कौतुक सांगायला आली असणार. इतकं पांढरं, इतकं मऊ दळण या मठात कधी आलंच नसेल. तो जरा सरळ बसला.

दुपारी घंटा झाली. माणसं जमली. बाजाराचा दिवस होता, पंगत लांबलचक झाली. मन्मथला अप्पांनी शेजारी बसवलं. पार शेवटी, खांबाजवळ, काशिनाथप्पा येऊन बसले. नव्या मालकाच्या पंगतीला वडिलांनी यायचं असतं. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

“काशिनाथ,” अप्पांनी हाक मारली.

“जी अप्पा.”

“उद्यापासून गिरणीत जायचं नाही.”

पंगतीतली कुजबूज थांबली. मन्मथ सरसावून बसला. वडील काय म्हणतील, त्यावर आपण काय म्हणायचं, हे सगळं त्यानं ठरवून ठेवलं होतं.

काशिनाथप्पांनी अप्पांकडे बघितलं. मुलाकडे बघितलं नाही.

“किती दिवस, अप्पा?”

“कायमचं.”

“बरं अप्पा,” काशिनाथप्पा म्हणाले, आणि त्यांनी समोरचं ताट सारखं केलं.

झालं. एवढंच. वर्षभर ज्याची वाट बघितली ते इतक्या हलक्या हातानं झालं, की त्याचा आनंद कुठं ठेवावा ते मन्मथला कळेना.

भाकऱ्या आल्या. आमटी आली, लसणाची चटणी आली. पहिला घास नव्या मालकाचा. सगळे थांबले होते. मन्मथनं भाकरी मोडली, आमटीत बुडवली, तोंडात घातली.

कच.

एखादा खडा असेल, त्याला वाटलं. त्यानं दुसरा घास घेतला.

कच.

तोवर पंगत जेवायला लागली होती. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तोच बारीक आवाज चालला होता. वाळूतून कुणी अनवाणी चालावं तसा. बाजाराला आलेला एक बांगडीवाला जीभ दातांवर फिरवत म्हणाला,

“मालक, ज्वारीबरोबर मांजरेची वाळूबी दळली का काय?”

शेजाऱ्यानं त्याला कोपर मारलं.

मन्मथचे कान तापले. सोमवारी दारात उभे राहून वडील काय सांगत होते, ते त्याला आत्ता कळलं.

दगडांना टाकी लावली की त्यांची बारीक कच सुटते. म्हणून पहिला घाणा जनावरांच्या भरड्याचा काढायचा, मग माणसांचं दळण घ्यायचं. पीठ विकणाऱ्या कुठल्याही घरातल्या पोराला हे ठाऊक असतं. मन्मथलाही होतं. पण नवी टाकी, नवा मालक, पहिलं पीठ… ते जनावरापुढं कसं टाकायचं? पहिलं ते देवाचं. मंगळवारी त्यानं हात जोडून मठाचीच ज्वारी आधी घातली होती.

“अप्पा, पंगत थांबवा. दुसरं पोतं घेऊन येतो. आत्ता येतो.”

“बस.”

“अप्पा, टाका तो घास. तुमचे दात…”

“अन्न आहे. बस.”

अप्पा जेवत होते. घास या गालातून त्या गालात फिरवत, सावकाश.

मन्मथ बसला. नजर कुठं ठेवावी ते समजेना, म्हणून त्यानं खांबाकडे बघितलं.

काशिनाथप्पा रोजच्यासारखे जेवत होते. कपाळावर आठी नाही. चटणी लावून घास घेत होते, चावत होते, गिळत होते. भाकरी संपली. गंगव्वा टोपली घेऊन त्यांच्यापुढून चालली होती. त्यांच्याकडे न बघताच ती पुढं निघाली. त्यांनी हात वर केला.

“गंगव्वा, अजून अर्धी.”

“राहू द्या अण्णा…” ती हळूच म्हणाली.

“वाढ की. माझ्या लेकाचं पहिलं पोतं हाय.”

तिनं अर्धी वाढली. त्यांनी ती खाल्ली. कण ठेवला नाही.

मग ते उठले. ताट धुऊन ठेवलं. टोपी घातली, अप्पांपुढं वाकले. जाताना मन्मथपाशी थांबले. ओठ हलले… काहीतरी सांगायचं होतं. मग जणू काही आठवलं, आणि न बोलताच ते पुढं गेले.

मठाच्या फाटकाशी दोन वाटा फुटतात. एक पेठेत जाते, गिरणीकडे. दुसरी घराकडे. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांचा पाय पेठेकडे वळला. ते तिथंच थबकले. मग घराच्या वाटेला लागले.

पंगत उठली. ओसरीत अप्पा आणि मन्मथ दोघंच राहिले.

“त्यांना माहीत होतं,” मन्मथ म्हणाला.

“असेल.”

“मग मंगळवारी बोलले का नाहीत? घरी तरी सांगायचं.”

“बोलायचं नाही, असं कुणी सांगितलं होतं?”

मन्मथनं अप्पांचं ताट धुऊन ठेवलं आणि परत येऊन विचारलं,

“अण्णा मालक झाले तेव्हा, त्यांच्या पहिल्या पोत्यात…”

“कच होती. माझी एक दाढ त्याच भाकरीत गेली.”

“त्यांनी पण टाकी लावून पहिलं दळण मठाला दिलं?”

“नव्या मालकाला दगड नवे लागतात. आणि देवही पहिला लागतो.”

“आणि आजोबा?”

“विरपाक्षप्पा? तिथंच बसला होता, खांबापाशी. त्यानं अख्खी मागून घेतली. तेव्हा त्याचे दात बरे होते.”

मन्मथला आजोबा आठवले. घरापुढच्या कट्ट्यावर बसलेले. सकाळी पेठेतून गिरणीचा आवाज सुरू झाला की मान वर करायचे. घरात आई पीठ मळायला बसली की परातीतली चिमूट घ्यायचे, बोटांत चोळायचे… आणि तशीच परत टाकायचे.

“आजोबा गिरणीत कधीच येत नसत,” तो म्हणाला. “त्यांचे गुडघे दुखायचे. अण्णाच सांगायचे आम्हाला.”

“गुडघे?” अप्पा म्हणाले. “रोज संध्याकाळी चालत यायचा इथं. नदी उतरून.”

मन्मथनं मान खाली घातली. खांद्यावरचा पिठाचा डाग त्याला आता खुपला. त्यानं तो झटकला. गेला नाही.

“अप्पा… मघाचा शब्द परत घ्या.”

“कुठला?”

“अण्णांना दिलेला.”

“दिलेला शब्द मी परत घेत नाही.”

“मी चुकलो म्हणतोय ना!”

“तू चुकलास. माझा शब्द कुठं चुकला? तू मागितलास तो मी दिला.”

“मग आता अण्णा कधीच येणार नाहीत?”

“काशिनाथ माझ्या शब्दाबाहेर जायचा नाही. तुला ठाऊक होतं. म्हणून तर आलास.”

गंगव्वा ओसरी झाडायला आली, दोघांचे चेहरे बघून परत फिरली.

“मी जाऊन त्यांना हाताला धरून गिरणीत घेऊन गेलो तर?”

“तर माझा शब्द मोडेल.”

“गुरूचा शब्द मोडू मी?” मन्मथचा आवाज चिरकला. “आमच्या घरात आजवर कुणी…”

“नाही,” अप्पा म्हणाले. “कुणी नाही.”

त्यांनी जीभ गालात फिरवली. तोंडात राहिलेला दगडाचा एक कण बोटाच्या टोकावर काढला, उजेडात धरून बघितला आणि अंगणात उडवला.

“तुझ्या बापानंही हाच शब्द मागितला होता,” ते म्हणाले. “फार वर्षं वाट बघितली मी… तो मोडेल म्हणून.”