घट्ट धरलेलं चाक

घाटरस्ता अजून एकेरी होता, तेव्हाची गोष्ट. टोमॅटोचे क्रेट वाहणाऱ्या एका जुन्या पिकअपचा मागचा ब्रेक एकदा उतारावर लागलाच नाही, आणि गाडी दरीच्या अगदी कडेला जाऊन थांबली. ब्रेकच्या काळजात धस्स झालं. तेव्हापासून त्यानं चाक पुरतं कधी सोडलंच नाही.

चढाला इंजिन धापा टाकायचं. "अरे, मागून कुणीतरी ओढतंय मला!" ते कळवळून म्हणायचं.

"मी सांभाळतोय ना तुला," ब्रेक म्हणायचा.

दर वळणाला रेडिएटर उकळायचा. गाडीवाला लहानू बॉनेट उघडून पाणी ओतायचा. मागचं चाक हात पोळेल इतकं तापलेलं असायचं, पण तिकडे कुणी कधी हात लावून पाहिलंच नाही.

"या इंजिनात आता काही राम नाही, लहानूभाऊ," शेवटी मिस्त्री म्हणाला. लहानूनं जड मनानं ते भंगारात दिलं.

साखळीला लटकून इंजिन बाहेर निघालं, तेव्हा ब्रेक ओक्साबोक्शी रडला.

नवं इंजिन बसलं. पहिल्याच चढाला तेही धापा टाकू लागलं.

"याला तरी जाऊ द्यायचं नाही," ब्रेक स्वतःशी म्हणाला, आणि त्यानं चाक आणखी घट्ट आवळलं.