जहागीरदारांचा तुरा

तुळाजीराव जहागीरदारांना आपल्या मोरपिसांच्या तुऱ्याचा भारी अभिमान. पण तो पागोट्यात खोवून ते बागेत आले रे आले, की एक रानमोर किंचाळत अंगावर धावायचा. राव पुढे, मोर मागे, आणि माळ्यांची हसून हसून मुरकुंडी वळायची!

एकदा राव आंब्यावर चढून तिथूनच गरजले, "घालवा याला! पण त्याचं एक पीस जरी काढलंत, तर गाठ माझ्याशी आहे!"

धाकटी सून सगुणा म्हणाली, "मामंजी, तुरा तेवढा खाली टाका."

तो काठीला बांधून तिने पलीकडच्या टेकडीवर रोवला. मोर त्याच्यामागे धावला आणि तिथेच त्याच्याशी भांडत बसला.

"सूनबाई, हे सुचलं कसं?" राव खाली उतरत म्हणाले.

"बागेत मोर दोन होते, मामंजी. खऱ्याचं पीस काढायला तुमचीच मनाई, म्हणून दुसऱ्याची पिसं काढली!"