श्रीखंडाचं पातेलं आणि डुकरिणीची पंगत

वेळ भर दुपारची. ठिकाण गावची चावडी. काळ इतका जुना, की तेव्हा जनावरं बोलत आणि माणसं कधीकधी ऐकत.

गावजेवणासाठी केलेलं श्रीखंडाचं मोठं पातेलं सकाळी रिकामं सापडलं. पान लावायला लागतो तेवढ्या वेळात आरोपीही सापडली: नदीकाठची डुकरीण. शिक्षा सांगण्यात आली. दिवस मावळायच्या आत तिनं पिल्लांसह नदीपार निघून जायचं. नदीला गळ्याएवढं पाणी होतं आणि तिची नऊ पिल्लं दहा दिवसांची होती.

त्या गावाचा एक रिवाज होता. कोणी काय पाहिलं, हे पंच विचारत नसत. लोकांच्या तोंडी रुळलेला बोल हीच साक्ष. असे तीन बोल जुळले, की गुन्हा शाबीत.

"डुकरासारखं खाणं, असं आपण म्हणतो," पहिला पंच म्हणाला.

"डुकरासारखं लोळणं," दुसरा पंख्यानं वारा घेत म्हणाला.

"आणि डुकरांसारखं तुटून पडणं," तिसरा म्हणाला.

"झाल्या तीन," पाटील म्हणाले. "ऊठ बाई, निघ आता."

"पण मला खाताना पाहिलं कोणी?" डुकरिणीनं विचारलं.

"पाहायचं कशाला? पणजोबांपासून लोक म्हणत आलेत."

"मग पाटील, साक्षी तुमच्या, त्यांना उत्तर मला देऊ द्या. मी लोळते, खरं आहे. मला घाम येत नाही. ऊन तापलं की चिखलानं अंग गार करते. हे पंच पंखा घेऊन बसलेत, त्यांना मी काही म्हणते का? खातेही पोटभर. नऊ जणांना पाजते. पंचांना किती जणांना पाजावं लागतं?"

चावडीत खसखस पिकली. पंचानं पंखा खाली ठेवला.

"तिसऱ्या साक्षीला माझी पोरं उत्तर देतील," असं म्हणून ती तिथंच आडवी झाली.

पिल्लं धावली. थोडी चीची झाली, आणि प्रत्येक पिल्लू आपापल्या ठरलेल्या आचळाला लागलं. सगळ्यात लहान पिल्लू शेवटी पोचलं. त्याची जागा रिकामी होती. शेजारच्यानं तिला तोंड लावलं नव्हतं.

"आज जमलं असेल," तिसरा पंच पुटपुटला.

डुकरीण उठली. पिल्लं इकडेतिकडे पांगली. ती पुन्हा आडवी झाली. पुन्हा तीच पिल्लं, त्याच जागी. धाकट्याची जागा पुन्हा रिकामी.

गावची म्हातारी कुंभारीण पुढे आली. "पाटील, मागच्या गावजेवणात पहिल्या पंगतीला कोण बसणार यावरून तुमच्या दोन पंचांनी एकमेकांखालचे पाट ओढले. वरण माझ्या लुगड्यावर सांडलं."

"तो विषय वेगळा आहे, म्हातारे," पहिला पंच म्हणाला.

"तेच म्हणते मी. ते डुकरांसारखं नव्हतंच. एवढी शिस्त आपल्यात कुठली?"

आता मात्र पाटीलसुद्धा पोट धरून हसले. डुकरीण सुटली. रिवाज मोडला, बोलाची साक्ष त्या दिवसापासून बंद.

संध्याकाळी गावजेवण झालं. श्रीखंडाऐवजी गूळ वाढला. कुंभारणीनं एक मोठी पत्रावळ नदीकाठी नेऊन ठेवली. आणि पंगतीत कोणी ढकलाढकली केली, की शेजारचा हसून म्हणू लागला, "अरे, जरा डुकरासारखा वाग."

तात्पर्य: शंभर तोंडांनी म्हटलं, म्हणून ते एका डोळ्यानं पाहिल्यासारखं होत नाही.

आता एक गोष्ट उरते. सकाळी पातेलं सापडलं तेव्हा त्यावर झाकण नीट बसवलेलं होतं, झाकणावर दगड ठेवलेला होता आणि पळी धुऊन खुंटीला टांगलेली होती. हे कोणी केलं, याचं उत्तर त्या चावडीनं अजून दिलेलं नाही.