साक्षीची आठवी खूण

एकदा एका गावी एक वृद्ध यंत्रज्ञ राहत असत. जगाने टाकून दिलेली यंत्रे पुन्हा बोलती करायची, हाच त्यांचा छंद आणि हेच त्यांचे व्रत. गावातल्या एका विश्वस्त मंडळाने त्यांना ओस पडलेली शाळा दिली होती आणि तिथे त्यांनी जुन्या यंत्रांचा संग्रह उभा केला होता. त्यातले सर्वांत मानाचे यंत्र म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचा, कपाटाएवढा एक संगणक. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. एका लांब केबलने तो टर्मिनलला जोडलेला असे. टर्मिनल म्हणजे पडदा आणि कळफलक असलेले वेगळेच यंत्र. संगणकाला जे सांगायचे असेल ते केबलमधून येई आणि त्या पडद्यावर उमटे.

या वृद्धांचा एक शिष्य होता. वय अठ्ठावीस, हात कुशल, बुद्धी तल्लख, आणि मन जरा संशयी. दोघांची नावे सांगण्याचे काही कारण नाही. ज्याच्यावर आळ आला त्याचे नाव मात्र सांगितलेच पाहिजे. त्याचे नाव भिवसन. वय साठीला टेकलेले. संग्रहाची झाडलोट तो करी, यंत्रांवरची धूळ पुसे आणि चहाही तोच करी.

गुरुजी दहा दिवसांसाठी बहिणीकडे गेले आणि सगळा कारभार शिष्याच्या हाती आला. पहिला आठवडा सुरळीत गेला. मग एका सोमवारी सकाळी शिष्याने संगणक सुरू केला, तर पडद्यावर भलतेच काही उमटले. सुरू झाल्यावर हा संगणक आपल्या परिचयाच्या चार ओळी छापी आणि शेवटी ‘रेडी’ म्हणून थांबे. त्या दिवशी ‘रेडी’च्या पाच इंग्रजी अक्षरांपैकी शेवटची तीन स्वच्छ होती, पण पहिल्या दोन अक्षरांच्या जागी परकी चिन्हे होती. एकाच्या डोक्यावर तिरकी रेघ, दुसऱ्याच्या डोक्यावर गोल. चारही ओळींची तीच अवस्था. काही अक्षरे धडधाकट, काहींचे सोंग झालेले.

सगळेच बिघडले असते तर शिष्याला काही वाटले नसते. केबल तुटली, असे म्हणून तो कामाला लागला असता. पण अर्धे खरे आणि अर्धे खोटे पाहून त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हे आपोआप कसे होईल? हे कुणीतरी केले आहे. आणि ‘कुणीतरी’ म्हटल्यावर खोलीत येणारा दुसरा माणूस होताच कोण?

भिवसनची एक रीत शिष्याला पहिल्या दिवसापासून खटकत होती. यंत्रांच्या खोलीत शिरण्यापूर्वी तो दाराशी थांबे, सदऱ्याचे आणि पायजम्याचे खिसे बाहेर काढून उलटे करी, दोन्ही तळवे उघडे धरी आणि मग आत येई. बाहेर पडताना पुन्हा तेच. कुणी पाहत असो वा नसो. ‘न विचारता जो आपले खिसे दाखवतो, त्याच्या पोटात काहीतरी असलेच पाहिजे,’ असे शिष्याने मनाशी ठरवून टाकले होते. चोराच्या मनात चांदणे ही म्हण त्याला पाठ होती. आपण तिचा अर्थ दुसऱ्याच्या अंगावर शिवतो आहोत, हे मात्र त्याच्या ध्यानात आले नाही.

त्याने पाळत ठेवली. केबलच्या स्क्रूवर खडूच्या बारीक खुणा केल्या. मंगळवारी एक खूण पुसलेली आढळली. धूळ पुसणारा माणूस खडूही पुसणारच, हे पोरालासोराला कळेल. पण संशयाचे भूत मानेवर बसले, की शहाण्यालाही ते कळत नाही. शिष्याने त्याच दुपारी मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहिले की भिवसन यंत्रांशी खोडसाळपणा करतो, त्याच्याकडे काहीतरी लपवण्यासारखे आहे, त्याला कामावरून दूर करावे. अध्यक्षांनी विषय शनिवारच्या बैठकीवर ठेवला आणि तोवर भिवसनला घरी बसायला सांगितले. त्याने एकच विचारले, “माह्याकडून काही चुकलं का जी?” शिष्य म्हणाला, “शनिवारी कळेल.” भिवसनने दाराशी आपले खिसे उलटे केले आणि तो गेला. या वयात त्याला दुसरे काम कोण देणार होते? आणि आळ घेऊन काढलेल्याला तर गावात उंबऱ्यावरही कुणी उभे करीत नाही.

गुरुवारी गुरुजी परतले. शिष्याने सगळी हकिगत सांगितली आणि पडदा दाखवला. गुरुजींनी केबलला हात लावला नाही की झाकण उघडले नाही. त्यांनी फक्त विचारले, “पडद्यावर काय काय दिसतं, ते लिहून काढलंस?”

“त्यात लिहायचं काय, गुरुजी? सगळा कचरा आहे.”

“मग लिही. संगणक बंद कर, सुरू कर, पडद्यावर येईल ते जसंच्या तसं कागदावर उतरव. असं बारा वेळा कर. दरवेळी नवा कागद घे.”

एवढे बोलून ते खिडकीशी खुर्ची ओढून डोळे मिटून बसले.

शिष्य लिहायला बसला खरा, पण त्याच्या मनात आता दुसरीच चक्रे फिरू लागली. गुरुजी वेळ का काढताहेत? दुपारी खालच्या ओट्यावर ते भिवसनबरोबर चहा पीत बसत, हे त्याला आठवले. भिवसनला या कामावर आणले तेही त्यांनीच. त्याला वाचवायचे म्हणून तर हा बारा कागदांचा खेळ नव्हे? ज्या माणसाने त्याला पान्हा धरायला शिकवले, त्याच्याकडेही तो आता तिरक्या नजरेने पाहू लागला. संशय एका घरी राहत नाही. त्याला शेजार लागतो.

बारावा कागद संपायला तास लागला. गुरुजी उठले, त्यांनी सगळे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले आणि म्हणाले, “ये, बघ.”

उजेडात बाराही कागद एकजीव झाले होते. जे अक्षर पहिल्या कागदावर नीट होते ते बाराव्यावरही नीट होते. जे बिघडलेले होते ते दरवेळी बिघडलेले होते, तेही अगदी त्याच चिन्हात.

“केबल तुटकी असती तर दरवेळी वेगळं काही आलं असतं,” गुरुजी म्हणाले. “आणि रोज येऊन कुणी खोड्या काढत असता तरी वेगळंच आलं असतं. खोडसाळपणाला इतकी शिस्त नसते, बाळा.”

शिष्य सहजी हार मानणारा नव्हता. “त्याने एकदाच काही बदलून ठेवलं असेल.”

“असेल. तेही तपासू. गेल्या आठवड्यात या टर्मिनलच्या पोटात हात कुणी घातला होता?”

शिष्य ‘भिवसनने’ म्हणायला गेला आणि शब्द ओठांवरच अडकला. शनिवारी संध्याकाळी टर्मिनलचे झाकण त्यानेच उघडले होते. आतली जुनी बॅटरी फुगली होती. गुरुजी येतील तेव्हा शाबासकी देतील, म्हणून त्याने नवी बसवली होती. रविवारी सुट्टी होती. सोमवारी अक्षरे बिघडली.

“मीच,” तो म्हणाला. “पण मी फक्त बॅटरी बदलली. काम चांगलंच केलं मी.”

“चांगलंच केलंस. पण संगणकाशी कसं बोलायचं, हे टर्मिनल त्या बॅटरीच्या जोरावर लक्षात ठेवत होतं. तू बॅटरी काढलीस तेव्हा ते सगळं विसरलं, आणि कारखान्यातून येताना जे शिकून आलं होतं त्यावर परत गेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.”

गुरुजींनी दोन कळा दाबून टर्मिनलच्या सेटिंगचे पान उघडले, त्यातली एक ओळ बदलली आणि संगणक पुन्हा सुरू केला. चारही ओळी स्वच्छ उमटल्या. शेवटी ‘रेडी’ची पाचही अक्षरे धडधाकट. शिष्याला हायसे वाटले आणि त्याच क्षणी अध्यक्षांना लिहिलेले पत्र आठवले.

तेव्हा गुरुजी बोलले. “ऐक. हा संगणक एकेक अक्षर सात खुणांत सांगतो. प्रत्येक खूण ‘हो’ किंवा ‘नाही’. सात झाल्या की तो आपणहून आठवी खूण जोडतो. ती साक्षीची. एकूण ‘हो’ नेहमी सम संख्येत भरावेत, एवढंच तिचं काम. वाटेत एखादी खूण हरवली तर ऐकणाऱ्याला मोजून कळावं, की इथे गडबड झाली. ज्या अक्षरात ‘हो’ आधीच सम आहेत, तिथे साक्ष गप्प राहते. जिथे विषम आहेत, तिथे ती ‘हो’ म्हणते. सगळं विसरलेल्या आपल्या टर्मिनलला साक्षीची रीत ठाऊक नव्हती. त्याने आठवी खूणही अक्षरातच धरली. म्हणून जिथे साक्ष गप्प होती तिथे अक्षर नीट आलं, आणि जिथे साक्ष बोलली तिथेच तुला बिघाड दिसला. बोलणारा खोटं बोलत नव्हता. उलट आपल्या खरेपणाची खूण तो प्रत्येक अक्षराला जोडत होता. ऐकणाऱ्याने तिलाच खोट ठरवलं.”

शिष्याने हळूच विचारले, “गुरुजी, भिवसन खिसे का उलटे करतो?”

“ते मला विचारतोस?” गुरुजींचा आवाज प्रथमच चढला. “या दोन यंत्रांना एकमेकांना विचारता येत नाही, म्हणून आपल्यासारख्याला मध्ये बसावं लागतं. तुला देवानं तोंड दिलंय ना?”

शुक्रवारी सकाळी शिष्य भिवसनच्या घरी गेला. भिवसन अंगणात खाटेवर बसला होता. पाहुणा पाहून उठला आणि सवयीने म्हणाला, “या जी, बसा.” बायकोने पाणी आणून ठेवले आणि ती आत निघून गेली. शिष्याने कसाबसा खिशांचा प्रश्न विचारला.

“ते होय?” भिवसन म्हणाला. “मी एकतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात होतो जी. तिथं शेडमंदी जाताना खिसे दाखवा लागत. कोणाजवळ आगपेटी राहू नये म्हून. एक डाव एका गड्याच्या खिशात एक काडी राहून गेली. माह्या डोळ्यादेखत चार गडी गेले. तवापासून झडती घेणारा असो का नसो, मीच दाखवतो. अन् निघताना दाखवतो ते असं, का तुमची खोली मोठ्या मोलाची. उद्या काही इकडचं तिकडं झालं, त तुमाले माह्यावर भरोसा रावा.”

शिष्याने मान खाली घातली. ज्या खुणेवर त्याने माणसाला लबाड ठरवले, ती त्याच्यासाठीच जोडलेली साक्ष होती. त्याला मनापासून लाज वाटली आणि ती त्याने लपवली नाही. बॅटरीचे सांगितले, पत्राचे सांगितले, आणि दोन्ही हात जोडले.

भिवसनने ते हात धरून खाली केले. “यंत्राचं मले काही समजत नाही,” तो म्हणाला. “पण एक सांगा, साहेब. चार दिवस झाले मी घरी बसलो. बायको इचारते, शेजारी इचारतात. तुमच्या मनात एक डावही नाही आलं का, का आपण याले इचाराव?”



शनिवारी बैठक भरली. भिवसन दाराशी उभा होता. शिष्य उठला आणि त्याने घडले ते सगळे सांगितले. अध्यक्ष भला माणूस होता. तो हसून म्हणाला, “अहो, चुका होतात. ते पत्र फाडून टाकू, विषय संपला.” बाकीच्यांनीही माना डोलावल्या. एका झाडलोट करणाऱ्यासाठी याहून अधिक वेळ घालवण्याची कुणाची तयारी दिसेना.

“पत्र फाडू नका,” शिष्य म्हणाला. “फाडलं तर पत्र जाईल, गावातली कुजबूज जाणार नाही. त्याच पत्राखाली मला लिहू द्या, की यातलं एकही अक्षर खरं नाही, बिघाड माझ्या हातून झाला आणि मी या माणसाला न विचारता हे लिहिलं. मग ते बाहेरच्या फलकावर लावा.”

अध्यक्षांनी पत्र त्याच्यापुढे सरकवले. शिष्याने लिहिले, खाली सही केली, आणि कागद पहिल्यांदा भिवसनच्या हातात दिला. भिवसनला वाचायला वेळ लागला. वाचून झाल्यावर त्याने तो नीट घडी करून परत दिला आणि म्हणाला, “सोमवारी किती वाजता येऊ जी?”

आपल्यालाही कुणाचे वागणे वाकडे दिसू लागले, तर पत्र लिहायला बसण्यापूर्वी त्याच्या अंगणात जाऊन यावे. बहुधा एका प्रश्नाचेच काम असते.