पाकट धरणारा कोळी

खाडीत पाय धुवायला उतरलेल्या रायाजीराजांना पाकटाने काटा मारला आणि सगळ्या गडाच्या डोक्याला ताप झाला! पाकट म्हणजे सुपाएवढा चपटा मासा. वाळूत दडून बसतो, शेपटीला विषारी काटा. राजांचा पाय भोपळ्यासारखा सुजला. ते बिछान्यावर कण्हत पडले होते, तेवढ्यात छतावरून एक कोळी सुर्रकन उतरला तो थेट त्यांच्या नाकावर!

झालं! महालात केर काढणाऱ्या हरकूला बोलावणं गेलं. जाळी का झाडली नाहीस, म्हणून राजे कडाडले. हरकू बाई मोठी गोड, पण जिभेला लगाम म्हणून नाही. ती म्हणाली, डास खातो म्हणून मुद्दामच ठेवलाय. गुणी जीव आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"गुणी? हा आठ पायांचा किडा?" राजे उठून बसले. "जीव असावा तर पाकटासारखा. माझ्यासारख्याला आडवं केलं त्यानं!"

हरकूने मनाशी दोघांना तोलून पाहिलं. पाकटाला काटा आहे खरा, पण कुणी अंगावर पाय दिला तरच ते मारतं. कोळी मात्र आपलं जाळं आपण विणतो नि आपलं पोट आपण भरतो. तेव्हा कोळीच सरस, असं तिने राजांना तोंडावर सांगूनही टाकलं.

राजांचा तिळपापड झाला. "मग उद्या दिवस मावळायच्या आत पाकट धरणारा कोळी आणून दाखव. नाहीतर तुझी चाकरी गेली आणि गडाखालचं घरही गेलं!"

हरकूला आधी घरच आठवलं. लेकरांना घेऊन जायचं कुठे? पण राजांचे शब्द मनात घोळवता घोळवता ती थबकली. पदर सावरत तिने विचारलं, "स्वतः विणलेल्या जाळ्यात धरलेलं चालेल ना, सरकार?"

"चालेल काय, तसंच हवं," राजे म्हणाले आणि दिवसभरात पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना हरकू आली ती नवऱ्याला, पोश्याला घेऊन. त्याच्या खांद्यावर जाळं आणि जाळ्यात भलंमोठं पाकट.

"हा घ्या, सरकार. अगदी जातीचा कोळी. जाळंही याचं यानेच विणलंय."

राजे बघतच राहिले. "अगं, मी आठ पायांचा म्हणत होतो!"

"पाय मोजून आणायचं कुठे ठरलं होतं?" हरकू नम्रपणे म्हणाली. "आणि याला दोनच पाय असले, तरी तो ते बघून टाकतो. म्हणून पाकटाने याला काटा मारला नाही."

राजे खो खो हसत सुटले. हसता हसता सुजलेला पाय आपटला, कळवळले आणि पुन्हा हसले. घर तर हरकूचं राहिलंच, वर हातातलं सोन्याचं कडंही त्यांनी तिला काढून दिलं. आणि यापुढे आपण खाडीत उतरायचं ते पोश्याला पुढे घालूनच, असा हुकूम सोडला.