बारा जणांची इर्जिक

काल मला झोप लागली नाही. आज माझी लेक सावनी पहिल्यांदाच आसनवाडीच्या इर्जिकीला येणार होती. पंगतीच्या शेवटी वाढून ठेवलेल्या बारा पत्रावळी दिसल्या की ती विचारणारच, इथं कोण बसणार? सहा वर्षांच्या मुलीला काय सांगायचं? बालमानसशास्त्राचा पेपर मी पहिल्या श्रेणीत पास केलाय. रात्रभर त्यातलं एक वाक्य कामाला आलं नाही. शेवटी बांधावर बसून गावात सांगतात तशीच गोष्ट तिला सांगितली. जमली की नाही, देव जाणे.

आपल्या पणजोबांना दात यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. माणदेशातल्या या आसनवाडीत बयाजी नावाचा शेतकरी होता. बायको ठकू, लेक गोजरा आणि ओढ्याकाठचं हे एवढंसं रान. लहानपणी नांगराच्या फाळानं त्याच्या डाव्या पायाची करंगळी गेली होती. तरी त्याच्यासारखे नांगराचे सरळ तास पंचक्रोशीत कुणी काढत नसे, असं म्हणतात.

तेव्हा समुद्रापलीकडे गोऱ्या सरकारची लढाई पेटली होती. हुकूम आला, गावानं एक माणूस द्यायचा. देवळात चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी पाटलाच्या मुलाची निघाली होती, पण ती वाऱ्यानं उडाली, असं म्हणतात. दुसरी निघाली बयाजीची. तेव्हा मात्र वारा पडला होता.

बयाजी म्हणाला, "मी गेलो तर माझं रान कोण नांगरंल? ह्या दोघी खातील काय?"

गावाची मान खाली गेली. मग सगळ्यांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली, "तू येईस्तवर दर साल तुझ्या रानात इर्जिक करू." इर्जिक म्हणजे, ज्याचं काम अडलंय त्याच्या रानात गावानं आपापले बैल घेऊन जायचं आणि एका दिवसात नांगरून द्यायचं. मजुरी नाही. फक्त पोटभर जेवण.

बयाजीला बूट दिले, बंदूक दिली आणि बोटीनं वाळूच्या मुलखात नेलं. तिथं माणसं जमिनीत चर खणून त्यांत राहायची. उन्हाळ्यात वाळू, हिवाळ्यात चिखल, बारा महिने उवा. गोळीनं मरायची त्याहून जास्त हगवणीनं मरायची. बयाजीच्या टोळीत बारा जण होते, बारा गावांचे. चैत्र लागला की बयाजी सांगायचा, "आज माझ्या रानात वीस नांगर असतील."

एक कोकणातला जोडीदार त्याला टोचायचा, "गाव येवढा भला, तर तुलाच कशाक रे धाडलान?"

"लाजलं म्हणून तर नांगरतंय," बयाजी म्हणायचा.

ऐकून ऐकून त्या अकरांनाही इर्जिकीचा नाद लागला. मग बाराही जणांनी ठरवलं, एकाचं अडलं की अकरांनी जायचं. एकाला ताप आला की अकरा जण त्याचा पहारा वाटून घ्यायचे. एक मेला तर अकरांनी रडायचं, असंही ठरलं होतं म्हणतात.

इकडे पहिल्या साली वीस नांगर आले. दुसऱ्या साली सात. तिसऱ्या साली प्लेग आला, आणि गाव माळावर झोपड्यांत राहायला गेलं. ठकू झोपडी-झोपडी फिरली.

"उद्या इर्जिक हाय, दादा."

"बैल दुखणाईत हाय, वैनी."

"बघू की."

स्वतःची रानं मात्र सगळ्यांनी नांगरून घेतली होती. ठकूनं उरलेल्या हुलग्यांचं पातळ माडगं शिजवलं, शेवटच्या पिठाच्या भाकरी थापल्या आणि गोजराला घेऊन बांधावर बसली. दिवस कलला, दिवस मावळला. एक माणूस आलं नाही. इर्जिकीचं अन्न घरी परत नेत नाहीत. ते तिथंच झाकून मायलेकी उपाशी परतल्या.

त्याच दिवशी तिकडे तो कोकणातला जोडीदार चरापुढे पाय तुटून पडला होता. आईला हाका मारत होता. साहेबानं बजावलं, कुणी बाहेर पडायचं नाही. बयाजी उठला, म्हणाला, "इर्जिक हाय," आणि वर चढला. मागोमाग दहा जण चढले. बारांतलं कुणीच परत आलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता ठकू रानात आली, तर रान या बांधापासून त्या बांधापर्यंत नांगरलेलं. दोरी धरल्यासारखे तास. भाकरी संपलेल्या, माडग्याचं मडकं पुसून कोरडं. गाव धावलं. ढेकळांत बैलाचा एक खूर उमटलेला नव्हता. उमटले होते खिळ्यांचे बूट, अकरा जोड. अकरा माणसांनी जू ओढलं होतं. आणि त्यांच्या मागं, नांगर धरणाऱ्याची, अनवाणी पावलं. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

पाटलानं वहाणा काढल्या. कुणीतरी म्हणालं, "वैनी, बयाजी आला!"

ठकू त्या पावलावर वीत ठेवून बसली होती. म्हणाली, "जिता असता तर आदी घरी आला असता." आणि तिनं बांधावरच्या दगडावर बांगड्या फोडल्या. सरकारचा कागद त्यानंतर अडीच महिन्यांनी आला.

तेव्हापासून आसनवाडीत चैत्रात कुणी आपल्या रानाला हात लावत नाही. आधी ज्या घरात करतं माणूस नाही, त्या घरचं रान सगळं गाव मिळून नांगरतं. आता ट्रॅक्टर आलेत. तरी पहिला तास अकरा माणसं जू खांद्यावर घेऊन ओढतात, आणि मागं नांगर धरणारा अनवाणी असतो. मग हुलग्याचं माडगं आणि भाकरी बारा पत्रावळींवर वाढतात, आणि तोवर पंगतीत कुणी घास उचलत नाही. बयाजीचं नाव घेऊन हात जोडतात. बाकीच्या अकरांची नावं गावाला ठाऊक नाहीत. त्यांना नुसतंच "या, बसा" म्हणतात.

मी थांबले. आता ही रडणार, किंवा आज अंथरूण ओलं करणार, आणि चूक माझीच असणार. सावनीनं बोटानं त्या पत्रावळी एकेक करून मोजल्या. मग म्हणाली, "आई, त्या अकरा काकांची पण शेतं असतील ना? तिकडे कोण गेलं?"