कस्तुराचा मृदंग आणि दगडी राजा

एका राज्यात दमणे हा अपराध मानला जाई. राजा दृढवर्मा सिंहासनावर ताठ बसे, आणि समोरच्या वादकांनीही तसेच बसावे अशी त्याची आज्ञा होती. मांडी बदलायची नाही, खांदा हलवायचा नाही, घाम पुसायचा नाही. राजाखाली कापसाची गादी होती आणि वादकांखाली नुसती फरशी, हे बोलून दाखवण्याची कोणाची छाती नव्हती.

एकदा एका म्हाताऱ्या मृदंगवादकाच्या पोटरीत ऐन रंगात गोळा आला, म्हणून त्याने पाय पसरला. राजाने त्याला हाकलून दिले. तो म्हातारा खरा मांत्रिक निघाला, नाव उग्रघोष. जाता जाता म्हणाला, "राजा, तुझे पाय दगड होतील आणि दगड वर चढत जाईल. या दरबारात सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चौताल अखंड चालला, तरच शाप सुटेल. ज्याच्या हातून ताल तुटेल, त्याचे हात शाप सुटेपर्यंत लाकडाचे होतील."

दगड कमरेपर्यंत आला. शाप सोडवायला बसलेले अकरा वादक लाकडी हात घेऊन घरी गेले. अकरावा शेषधर. त्याची धाकटी बहीण कस्तुरा त्याला रोज घास भरवी. भरवताना तिला रडू येई, मग स्वतःचाच राग येई, आणि त्या रागात घास जरा मोठाच भरवला जाई. तोही गाल फुगवून निमूट खाई.

मृदंग ती त्याच्याकडूनच शिकली होती. एके दिवशी तिने तो उचलला आणि दरबार गाठला. तिथल्या तुळईवर एक साळुंकी राहत असे. ती माणसांसारखी बोले, पण इतकी बोले की त्याचे कोणाला नवल उरले नव्हते.

"माझा दादा कशाने हरला?" कस्तुराने विचारले.

"लपवल्याने," साळुंकी म्हणाली. "सगळेच लपवतात. तुझ्याकडे तीन पाहुणे येतील. प्रत्येकाला नाव विचार आणि ऐसपैस हो. तिसरा मात्र तेवढ्याने जाणार नाही. त्याचे नाव चारचौघांत सांग."

सूर्य उगवला. कस्तुराने मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेची पुरी थापली, कारण तिच्यावाचून मृदंग घुमत नाही, आणि बारा मात्रांचा चौताल सुरू केला.

पहिल्या प्रहरी फरशीतून एक ठेंगू निघाला आणि तिच्या पोटरीवर बसला.

"आपले नाव?"

"पेटका."

"बसा. मी मांडी बदलते."

तिने वाजवता वाजवता मांडी बदलली. प्रधानाने डोळे मिटून घेतले. ठेंगू घसरून पडला तो उठलाच नाही.

भर दुपारी एक म्हातारी टोपली घेऊन तिच्या खांद्यांवर चढली.

"आपले नाव, आजी?"

"कळ."

"माझे खांदे कानांपर्यंत चढलेत, म्हणून तुम्हाला आयती फळी मिळाली." कस्तुराने लांब श्वास सोडला आणि खांदे खाली आणले. म्हातारी टोपलीसकट उतरली आणि पुटपुटत चालती झाली.

ऊन कलले तेव्हा एक मुलगी आली. तिने काही दुखवले नाही, फक्त कस्तुराची बोटे आपल्या गार हातांत धरली. नाव विचारल्यावर म्हणाली, "ग्लानी." कस्तुराने मांडी बदलली, श्वास सोडला, तरी ती जाईना. त्यातच कणीक वाळून तडकली आणि मृदंग ठणठणू लागला. कणीक भिजवायची तर हात थांबवावे लागणार. इथेच शेषधर वाळल्या कणकेवर बडवत राहिला होता आणि हरला होता. कस्तुराला दादाचे लाकडी हात आठवले, आणि तिला खरोखर भीती वाटली.

तरी ती मोठ्याने म्हणाली, "महाराज, मी दमले आहे. हे आवर्तन संपले की माझे हात थांबतील. समेपासून ताल तुम्ही धरा."

दरबारात असे कोणी कधी बोलले नव्हते. दहावी मात्रा गेली. अकरावी, बारावी गेली. कस्तुराने हात उचलले.

समेवर एकच टाळी पडली. ती राजाची होती.

"मीही फार दमलो आहे," राजा हळूच म्हणाला, आणि पुढची टाळी दिली. मग प्रधान, मग पहारेकरी, सगळा दरबार हातावर ताल देऊ लागला. कस्तुराने पाय पसरले आणि पाणी पिऊन सावकाश कणीक भिजवली. ग्लानी खांबापाशी जाऊन झोपी गेली. दाराशी एक म्हातारा टाळी देत होता, तो उग्रघोष.

मृदंग पुन्हा घुमला. सूर्य मावळला आणि दगड खपल्यांसारखा गळून पडला. राजा उठला, आपली गादी त्याने स्वतः उचलली आणि कस्तुराखाली सरकवली. तेव्हापासून त्या राज्यात कणीक वाळली की ऐकणारे ताल धरतात आणि वाजवणारे पाय पसरतात.

कस्तुरा घरी आली ती सुजलेले हात घेऊन. तिला भाकरी मोडता येईना. शेषधर दारातच उभा होता. त्याने आपली दहा बोटे तिच्यासमोर हलवून दाखवली, तिला पाटावर बसवले आणि पहिला घास भरवला.

घास जरा मोठाच होता. ती गाल फुगवून निमूट खात राहिली.